जमीदचे वीस गोळे

अल्-उमरीच्या नाक्यावर बाहेर जाण्याचा शिक्का पासपोर्टवर पडला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मुफ्लेहने पासपोर्ट खिशात घातला, ट्रक थोडा पुढे घेतला आणि रांगेच्या शेपटीला लावला. जॉर्डन मागे पडले होते आणि सौदीचा नाका अजून पुढे होता. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण, खांबांवर कॅमेरे आणि डांबरावर एकामागे एक उभे असलेले साठ-सत्तर ट्रक. फेब्रुवारीचा वारा बोचत होता. मागच्या थंड पेटीत गोर साफीचे बावीस टन टोमॅटो होते. दारावर कस्टमचे सील होते. पेटीतले तापमान आठावर होते. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने या तिन्ही गोष्टींवर एकदा नजर फिरवली आणि चहा टाकायला खाली उतरला.

जॉर्डनच्या ट्रकांना पोटाशी पत्र्याची एक पेटी असते. झाकण खाली पाडले की तेच टेबल. आत गॅस, किटली, साखर, कांदे. मुफ्लेहची किटली उकळायच्या आधीच चार ट्रक पुढून अतल्ला चालत आला. दोघे पंधरा वर्षे एकाच रस्त्यावर होते, आणि सगळ्यांसारखा तोही मुफ्लेहला मुलाच्या नावावरून 'अबू रकान' म्हणे. अतल्ला मादबाचा, जाडजूड, गळ्यात मफलर आणि तोंडात कायम कुणाची तरी बातमी.

"चहा आहे का अबू रकान, की वहिनींनी आजपण नुसती साखरच बांधून दिलीय?"

"तुला साखरच बंद केलीय ना डॉक्टरांनी?"

"डॉक्टर अम्मानमध्ये. इथं कुठला देशच नाही, तर डॉक्टर कुठला?" अतल्लाने पेला दोन्ही हातांत धरला आणि आवाज खाली आणला. "ऐकलंस का? परवा पुढच्या नाक्यावर एकाला उतरवला. मआनचा होता. दोन मुलींचा बाप."

"काय निघालं?"

"नशेच्या गोळ्या."

"टायरात?"

"टायरात कोण ठेवतंय आता! टायर तर ते डोळे मिटून तपासतात. जमीदमध्ये."

मुफ्लेहचा पेला ओठांपाशी थांबला.

"गोळा ओला असतानाच पोटात गोळ्या भरायच्या," अतल्ला हाताने थापून दाखवत म्हणाला, "वरून लिंपायचं, उन्हात टाकायचं. वाळला की दगड. कोण फोडून बघणार? पण बघितलाच त्यांनी. तो रडत होता म्हणे. माझं नाही, अमानत आहे, कुणीतरी दिलंय. आता अमानत म्हटल्यावर कोण सोडतो? फॉर्मवर सही त्याचीच."

"मग?"

"मग काय मग? पलीकडे या गुन्ह्याला मान उडवतात, हे तुला मी सांगू?" अतल्लाने चहा संपवला. "तुझं तोंड का उतरलं? तुझ्याकडे नाही ना काही कुणाचं?"

"माझ्याकडे टोमॅटो," मुफ्लेह म्हणाला.

"मग दे अजून एक पेला."

अतल्ला गेल्यावर मुफ्लेहने पेटीचे झाकण लावले, केबिनमध्ये चढला आणि दार आतून बंद केले. सीटच्या मागे झोपायची फळी होती. फळीखाली, कपड्यांच्या पिशवीआड, पांढऱ्या कापडात शिवलेले एक गाठोडे होते. आत वीस गोळे. मेंढीच्या दुधाचे ताक आटवून, मिठात मळून, छपरावर वाळवलेले, मुठीपेक्षा थोडे मोठे, दगडासारखे टणक. करक भागातल्या आयांना आपल्या मुली परदेशी दिल्या की एवढीच काळजी असते की तिकडे मन्सफचे मटण कशात शिजवणार. डबाबंद मिळते, पण त्याला त्या जमीद म्हणत नाहीत. म्हणून दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या ट्रकमधून गोळे जातात.

हे गाठोडे उम्म हाझिमचे होते. ती मुफ्लेहच्याच गावची, अल्-मझारची. तिची मुलगी रुदैना रियाधला असते. गेली नऊ वर्षे मुफ्लेह तिच्याकडे जमीद पोचवत होता आणि येताना रुदैनाचे काही ना काही आईकडे आणत होता. या नऊ वर्षांत त्याने एकदाही आत काय आहे हे विचारले नव्हते, उघडून पाहणे तर लांबच. या रस्त्यावरचे ड्रायव्हर तसे करत नाहीत. दिलेले जसे शिवलेले असेल तसे पोचवायचे. अमानत उघडणाऱ्याच्या हातात पुन्हा कोणी काही देत नाही आणि गावात त्याच्या मुलीला मागणी घालतानाही लोक विचार करतात.

सरकारचा नियम वेगळा होता. नाक्यावरच्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न असे: केबिनमध्ये दुसऱ्या कोणाच्या मालकीची वस्तू आहे काय? सगळे 'नाही' लिहीत. 'आहे' लिहिले की ट्रक बाजूच्या आवारात, मग झडती, मग कागद, मग साहेब जेवायला गेलेला. तोवर पेटीतले टोमॅटो मऊ पडतात आणि दलालाचे फोन सुरू होतात. मुफ्लेहनेही आज सकाळी 'नाही' लिहून सही ठोकली होती. बाहेर पडतानाच्या खिडकीवर त्या फॉर्मवर शिक्का मारून प्रत त्याला दिली होती. मूळ कागद केव्हाच पुढच्या नाक्याकडे गेला होता.

आणि या खेपेला गाठोडे उम्म हाझिमने दिले नव्हते.

दरवर्षी ती स्वतः त्याच्या दारात येई, बसे, गुडघ्यांच्या तक्रारी सांगे, मुफ्लेहच्या बायकोच्या कॉफीला नावे ठेवी आणि जाताना गाठोडे ठेवून जाई. काल दुपारी मात्र कतरानाच्या थांब्यावर तो डिझेल भरत असताना एक माणूस काळ्या गाडीतून उतरला होता. वय चाळिशीच्या आसपास, दाढी नीट कोरलेली. "अबू रकान तुम्हीच ना? मी उम्म हाझिमचा भाचा. त्यांना बरं नाही. हे रुदैनासाठी." गाठोडे त्याच्या हातात आले आणि गाडी गेली. नाव विचारायचे राहिले. नंबर घ्यायचा राहिला. त्या वेळी त्याचे काही वाटले नव्हते. अमानत देणाऱ्याची चौकशी करणे हे तसे अपमानाचेच.

मुफ्लेहने गाठोडे मांडीवर घेतले. उम्म हाझिम काळ्या लोकरीने शिवते, जाड आणि वाकडे टाके घालून. हे टाके बारीक होते, सरळ रेषेत, पांढऱ्या दोऱ्याचे.

त्याने उम्म हाझिमला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. या पट्ट्यात फोन कधी इकडचा मनोरा धरतो, कधी तिकडचा. तिसऱ्यांदा तो लागलाच नाही. मग त्याने बायकोला लावला.

"पोचलात?" बायकोने विचारले.

"रांगेत आहे. उम्म हाझिमला काय झालंय?"

"काय झालंय? मला काय ठाऊक. चार दिवसांत दिसली नाही."

"तिचा भाचा कोण?"

"तिला कुठला भाचा? ना भाऊ, ना बहीण. एकुलती एक आहे ती. का हो?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी बाईच्या माहेरची चौकशी करतं का? काय झालंय?"

"लाईन हलली," मुफ्लेह म्हणाला आणि फोन ठेवला. लाईन हलली नव्हती.

त्याने घड्याळ पाहिले. सव्वादहा. पुढे चाळीसेक ट्रक. दीड तास, फार तर दोन. चाळिशीचा माणूस, काळी गाडी, बारीक टाके. मआनच्या त्या माणसालाही कोणीतरी असेच हसून दिले असेल, ओळखीचे नाव सांगून. नाव शोधणे काय कठीण? कोण कुणाचे जमीद नेतो हे कतरानाच्या चहावाल्यालाही ठाऊक असते.

टाकून द्यावे? खांबावरचा कॅमेरा त्याच्याच काचेकडे तोंड करून होता. गेल्या महिन्यात एकाने उष्ट्या भाकऱ्यांची पिशवी कुंपणापाशी टाकली तर त्याला चार तास थंडीत उभा केला होता. मागे वळावे? मागे वळायला रस्ताच नव्हता, आणि असता तरी बाहेर पडलेला ट्रक तासाभरात परत का आला हे कुणालातरी सांगावे लागलेच असते. पुढच्या नाक्यावर आपणच सांगून टाकावे? पण फॉर्मवर 'नाही' होते, आणि सांगितल्यावर ते फोडणार. फोडल्यावर आत काही निघाले तर 'मीच तर सांगितले' हे ऐकून घेणारा माणूस त्या खोलीत असेलच याची काय हमी? अतल्लाला विचारावे? अतल्ला भला माणूस, पण त्याच्या कानात गेलेले दुपारच्या आत तबूकला पोचते.

एकच गोष्ट त्याच्या हातात होती. आत काही आहे की नाही हे आपल्याला आधी कळले पाहिजे. नसेल तर निदान निर्धास्तपणे पुढे जाता येईल. असेल तर... असेल तर काय, हा विचार त्याने केलाच नाही. घाबरलेला माणूस एका पावलापलीकडचे पाहत नाही.

त्याने काचांचे पडदे ओढले, नखकात्रीने टाके उसवले आणि पहिला गोळा बाहेर काढला. त्यावर बाईच्या बोटांचे ठसे वाळून राहिले होते. कुणाच्या बोटांचे? सीटखालून त्याने चाकाचा पाना काढला, गोळा फळीच्या कडेवर धरला आणि हाणला. तिसऱ्या घावाला तो फुटला. आत पांढरे, सलग, आंबूस वासाचे. काही नाही.

मुफ्लेहने डोळे मिटून श्वास सोडला. पण एक फुटला म्हणजे काही झाले नाही. विसांतल्या एकातच असेल तर? त्याने दुसरा घेतला. मग तिसरा. जमीद फुटताना सरळ दोन तुकडे होत नाहीत. कपच्या उडतात आणि पिठासारखी भुकटी होते. ती त्याच्या पँटवर पडत होती, सीटच्या शिवणीत शिरत होती, स्वेटरच्या लोकरीत अडकत होती. त्याचे तिकडे लक्ष नव्हते. पाच. सहा. प्रत्येक गोळ्याच्या वेळी वाटे, हाच तो. प्रत्येक गोळा आतून तसाच पांढरा निघे, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी उरलेल्या गोळ्यांत दाटत जाई.

अकरावा फोडला तेव्हा मागून हॉर्न वाजला. मग सलग तीन. त्याने पडदा बाजूला केला. समोरची सगळी रांग निघून गेली होती. उरलेले सगळे ट्रक एकदम आत घेतले होते आणि त्याच्यापुढे मोकळे डांबर पसरले होते.

"झोपलास का रे म्हाताऱ्या!" मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "घरी जाऊन झोप!"

मुफ्लेहने उरलेले गोळे आणि तुकडे कापडात गोळा केले, गाठ मारली, गाठोडे फळीखाली सारले आणि गिअर टाकला. गिअरच्या दांड्यावर पांढरी बोटे उमटली. आता त्याने स्वतःकडे पाहिले. हात मनगटांपर्यंत पांढरे, मांड्यांवर भुकटी, समोरच्या काचेखाली भुकटीचा पातळ थर. झटकायला गेला तर ती उडून मिशीवर बसली. बाटलीतले पाणी हातावर ओतले तर तिची पेज झाली. समोर पत्र्याची छपरी आली, आणि छपरीखाली हात वर केलेला शिपाई, आणि शिपायाशेजारी पट्ट्याला बांधलेला तपकिरी कुत्रा.

"उतरा काका. इंजिन बंद. दार उघडं ठेवा."

मुफ्लेह उतरला. शिपायाची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हातांवर, हातांवरून पँटवर गेली आणि तिथेच राहिली. त्याने कुत्र्याचा पट्टा सैल केला.

कुत्रा पायरीवर पुढचे पाय टाकून केबिनमध्ये चढला आणि बाहेर येईना. पट्टा ओढला तरी येईना. आतून चाटण्याचा आवाज येत होता.

"असं हा कधी करत नाही," कुत्रेवाला शिपाई दुसऱ्याला म्हणाला.

"जमीद आहे ते," मुफ्लेह म्हणाला. "खारट असतं. म्हणून चाटतोय."

"तुम्हाला कोणी विचारलंय का काका? तिकडे भिंतीकडे उभे राहा."

खोली लहान होती, हीटर लावलेली. टेबलाच्या पलीकडे कॅप्टन उबैद बसला होता. मुफ्लेहच्या मुलाच्या वयाचा, इस्त्रीच्या कपड्यातला, आवाज न चढवणारा. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर गाठोडे सोडले होते. एका बाजूला तुकड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नऊ अखंड गोळे. त्यांच्याशेजारी मुफ्लेहचा फोन आणि सातव्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलेला फॉर्म.

"हे कुणाचं?" कॅप्टनने विचारले.

"गावातल्या एका बाईचं. तिच्या मुलीसाठी. रियाधला."

"इथं 'नाही' लिहिलंय."

"सगळेच लिहितात साहेब."

"सगळ्यांचं मी नंतर बघतो. हे फोडलं कुणी?"

"मी."

"कधी?"

"आत्ता. रांगेत."

"का?"

मुफ्लेहने ओठ ओले केले. मिशीतले मीठ जिभेला लागले. "भीती वाटली."

"कशाची?"

"परवा इथं कुणाला तरी पकडलं म्हणे. जमीदमध्ये... मला वाटलं, यातही कुणी काही घातलं असेल तर."

"म्हणजे तुम्हाला संशय होता."

"नव्हता. म्हणजे आधी नव्हता."

"अमानत उघडत नाहीत तुमच्याकडे. मला ठाऊक आहे, माझा मामा याच रस्त्यावर ट्रक चालवायचा." कॅप्टनने पेन्सिलीने तुकड्यांचा ढीग थोडा उकरला. "ज्याला माहीत नसतं तो उघडत नाही काका. आणि ज्याला माहीत असतं तो आतलं काढून घेतो, फेकून देतो, आणि मग म्हणतो भीती वाटली. अकरा फोडले. अकरांतलं काय काढलं?"

"काही नाही! देवाशपथ काही नव्हतं!"

"केबिन उकलतायत ते. सीटसकट. बघू."

मुफ्लेहने आपल्या हातांकडे पाहिले. आता त्याला पुरते कळले की आपण काय करून बसलो. गाठोडे शिवलेले असते आणि एखाद्या गोळ्यात काही निघाले असते तर निदान म्हणता आले असते की मला ठाऊक नव्हते. टाके त्याने स्वतःच्या हातांनी उसवले होते. उरलेल्या नवांपैकी एकात काही असेल, तर ते ठाऊक असणारा माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायला त्याचे हे पांढरे हातच पुरे होते.

त्याच वेळी फोन वाजला. टेबलावर थरथरत तो फॉर्मकडे सरकला. पडद्यावर नाव आले: उम्म हाझिम.

कॅप्टनने नाव वाचले. "हीच का ती बाई?"

"हीच."

"स्पीकरवर बोला. मी इथं आहे हे सांगायचं नाही."

मुफ्लेहने पांढऱ्या बोटाने फोन दाबला.

"अबू रकान! किती फोन केलेस रे बाबा!" म्हातारीचा आवाज खोलीभर झाला. "दवाखान्यात होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांगितलं नाही कुणाला, नाहीतर सगळं गाव फळं घेऊन येतं आणि फळं तेच खाऊन जातं. जमीद मिळालं ना?"

"मिळालं. देणारा कोण होता उम्म हाझिम?"

"आमच्या ह्यांच्या बहिणीचा मुलगा. इर्बिदचा. दात काढतो लोकांचे. का? नीट नाही बोलला का तुझ्याशी? तो तसाच आहे, बायकोशीपण तसाच बोलतो. तिनंच शिवून दिलं बघ या वेळी. टाके बघितलेस का? मशीनसारखे! मला हिणवायला घातलेत तसे."

कॅप्टनचा चेहरा जराही हलला नाही.

"बरं ऐक," म्हातारी म्हणाली, "या वर्षी मेंढ्या दोनच राहिल्यात. एवढंच निघालं, वीस. माझ्यासाठी एकपण ठेवला नाही. रुदैनाकडे तिची सासरची माणसं येणारेत, तिची मान खाली जायला नको. गोळे अखंड आहेत ना रे? त्या मेल्यानं गाडीत आपटले तर नाहीत?"

मुफ्लेहने टेबलावरच्या ढिगाकडे पाहिले. कॅप्टन त्याच्याकडे पाहत होता.

"अखंड आहेत," मुफ्लेह म्हणाला.

"सगळे?"

"सगळे. जसे दिलेत तसे आहेत."

"देव तुझं भलं करो. तू आहेस म्हणून मला घोर नाही. सांभाळून जा."

फोन बंद झाला.

"छान खोटं बोलता," कॅप्टन म्हणाला. "डोळ्याची पापणीपण हलली नाही."

"तिला काय सांगू साहेब? म्हातारी बाई..."

"तिला खोटं सांगता, फॉर्मवर खोटं लिहिता. मग माझ्याशीच तेवढं खरं बोललात हे मी कसं मानू?"

मुफ्लेहने पांढरे हात टेबलाखाली घेतले.

कॅप्टनने दाराकडे पाहून हाक मारली. एक हवालदार लहान हातोडी घेऊन आला. मुफ्लेहला टेबलापाशी उभे केले, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर व्हावे म्हणून. पहिला गोळा फुटला. हवालदाराने कपच्या बोटाने पसरल्या, एका पट्टीवर थोडी भुकटी घेतली, थेंब टाकला, रंग पाहिला. मान हलवली. दुसरा. तिसरा. मुफ्लेह मनात कुराणातला एक छोटा सूरा म्हणायला लागला आणि मध्येच विसरला, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागला, पुन्हा तिथेच विसरला. चौथा. पाचवा. बाहेर कुत्रा भुंकला तसा तो दचकला. सहावा.

सातवा दोन घावांतच फुटला, इतरांपेक्षा लवकर, पोकळ आवाज करून. मध्ये खळगा होता, सुपारीएवढा. खळग्यात काहीतरी काळे होते.

हवालदार थांबला. कॅप्टन खुर्चीतून पुढे झुकला. मुफ्लेहला समोरचे टेबल लांब, खूप लांब गेल्यासारखे वाटले. त्याच्या डोळ्यांपुढे घरचा ओटा आला, ओट्यावर बसलेली बायको, आणि तिला ही बातमी सांगायला अतल्लाच जाईल हेही त्याच क्षणी त्याला कळले.

कॅप्टनने चिमट्याने ते काळे उचलले, दिव्यापाशी धरले, ताणून पाहिले.

"लोकर," तो म्हणाला. "मेंढीची."

आठवा आणि नववा फुटल्याचे मुफ्लेहला नीट आठवले नाही. केबिन उकलणारे लोक आले आणि काही मिळाले नाही म्हणाले. कुणीतरी त्याला खुर्ची दिली, कुणीतरी पाणी दिले.

"दोन मार्ग आहेत," कॅप्टनने नवा फॉर्म पुढे केला. "हे इथंच सोडा, आम्ही नष्ट करू, तुम्ही जा. किंवा न्यायचं असेल तर खरा फॉर्म भरा. कुणाचं, कुणासाठी, आत काय. खाली लिहा की आत काय आहे हे मला ठाऊक आहे. वर्षभर मात्र तुमचं नाव यादीत राहील. प्रत्येक खेपेला ट्रक आवारात घेणार."

प्रत्येक खेपेला आवारात म्हणजे प्रत्येक खेपेला निम्मा दिवस. मुफ्लेहने पेन घेतले. उम्म हाझिमचे नाव त्याला दोनदा खोडून लिहावे लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो रियाधच्या वेशीवर पोचला. दिवसा ट्रकांना शहरात सोडत नाहीत, म्हणून रुदैना नवऱ्याला घेऊन वेशीबाहेरच्या ट्रकतळावर आली. नवरा गाडीतच बसून राहिला. तिने हसतच हात पुढे केले आणि गाठोडे हातात येताच ते हसू थांबले. कापडाला हात लावून तिने आतली भुकटी चाचपली.

"हे काय झालं काका?"

रस्ताभर त्याने वाक्य जुळवून ठेवले होते: नाक्यावरच्या लोकांनी फोडले. अर्ध्याहून थोडे कमी, पण खरे होते. तेच तो म्हणाला.

"सगळे? वीसच्या वीस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांची ओळख होती. ती लग्न होऊन आली तेव्हाचे पहिले गाठोडेही त्यानेच आणले होते.

"नऊ त्यांनी," मुफ्लेह म्हणाला. "अकरा मी. मला भीती वाटली, बाई. मआनच्या एकाला जमीदमध्ये..."

"माझ्या आईच्या जमीदमध्ये?"

त्याने मान खाली घातली. ट्रकतळावर वाळू भुरभुरत होती. रुदैनाने गाठोडे छातीशी धरले. ती ओरडेल असे त्याला वाटले. ओरडली असती तर बरे झाले असते.

"भिजवल्यावर सगळं सारखंच होतं," ती शेवटी म्हणाली. "आईला सांगू नका." मग गाडीकडे गेली. नवऱ्याशी खिडकीतून हळू आवाजात काहीतरी बोलली. नवऱ्याने वाकून मुफ्लेहकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

परत आली तेव्हा तिच्या हातात खजुराचा मोठा डबा होता. दरवर्षी ती आईसाठी काहीतरी देई. रिकाम्या हाताने त्याला कधी पाठवले नव्हते. दरवर्षी तो घेई आणि न पाहता फळीखाली ठेवी. आज तिने डबा त्याच्या हातात दिला नाही. ट्रकच्या पत्र्याच्या पेटीचे झाकण खाली पाडायला सांगितले, डबा त्यावर ठेवला आणि चिकटपट्टी काढली.

"बघून घ्या काका," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मीच बाजारातून आणलाय, पण दुकानदाराचं मला काय माहीत."

तिने पहिला थर उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. खजूर एकेक करून, बोटांनी दाबून, ती कागदावर मांडत गेली. राहू दे बाई, एवढे करायची गरज नाही, असे म्हणायचे मुफ्लेहच्या जिभेवर आले होते. ती मध्ये थांबलीही, बहुतेक त्यासाठीच.

पुढे होऊन त्याने तिसरा थर उचलला, आणि त्याच्या खालचा कागदही.